लाकडी बाटली

ओव्हाळकाका नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. त्याचं वजन सांगतात. एकदा खालून वर बघायचं, मान किंचित तिरकी करायची आणि म्हणायचं, "बहात्तर. त्यात दीड बुटांचे." समोरचा हसतो, घरी जाऊन गुपचूप काट्यावर उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात काका दिसले की त्यांना आधी वाट देतो.

मला त्यांनी पहिल्या भेटीत एक्याऐंशी सांगितले होते. मी म्हणालो, "अठ्ठ्याहत्तर. कालच बघितलंय." काका म्हणाले, "मग काटा बदला." मला राग आला. त्या रागात मी चौकातल्या मेडिकलच्या काट्यावर जाऊन उभा राहिलो आणि एक्याऐंशी भरलो. घरचा काटा दोन वर्षं माझ्याशी खोटं बोलत होता आणि मी त्याच्यावर खूश होतो.

पिंपळे गुरवला आम्ही एकाच इमारतीत राहतो. मी दुसऱ्या मजल्यावर, काका-काकू बरोबर माझ्या डोक्यावर. इमारतीला लिफ्ट आहे. तिच्यात 'चार व्यक्ती' असं लिहिलंय, पण ते लिहिणाऱ्याने आमच्या इमारतीतल्या व्यक्ती पाहिलेल्या नसाव्यात. काका चाकणच्या एका कंपनीत फोरमन होते. कारखान्यात नवं मशीन आलं की ते ट्रकवरून उतरवायचं, दारातून आत न्यायचं आणि त्याच्या जागेवर रेषेत बसवायचं, हे रिगिंगचं काम करणाऱ्या टोळीचे हे म्होरके. चाळीस टनांचा प्रेस पहारी, पाइप आणि चेनपुलीच्या जोरावर दोन बोटं फट ठेवून भिंतीला लावलेला माणूस आहे हा. मीही चाकणलाच नोकरी करतो, पण डिझाइनला. म्हणजे मी वस्तू स्क्रीनवर काढतो, उचलत नाही. काका मला 'इंजिनिअर' म्हणतात आणि त्या शब्दात कौतुक किती आणि कीव किती, हे मला अजून मोजता आलेलं नाही.

या टोळीची स्वतःची बोली असते. 'हाबेस' म्हणजे उचल. 'आरिया' म्हणजे हळूहळू खाली सोड. कारखान्याच्या गोंगाटात हे दोनच शब्द ऐकू जावे लागतात, आणि त्यात चूक झाली तर कुणाचा तरी पाय जातो. काका निवृत्त झाले, शब्द झाले नाहीत. सोफ्यावर बसताना ते स्वतःलाच "आरिया, आरिया" म्हणत टेकतात. सकाळी चहाचा कप ओठाशी नेताना हाबेस. काकूंचा आवाज चढला की दोन्ही हातांचे तळवे खाली करून "आरिया, सुमन!" आणि काकू त्यावर जे बोलतात, ते दुसऱ्या मजल्यावर स्वच्छ ऐकू येतं.

मी राहायला आलो त्या दिवशी माझं लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. चार माणसं तासभर घाम गाळत होती. एकाने जिन्याचा कठडा कापायचा सल्ला दिला. तेवढ्यात वरून चट्ट्यापट्ट्यांच्या लुंगीतले एक गृहस्थ उतरले, कपाटाकडे बघितलं आणि म्हणाले, "एकशेआठ. आत काय तरी राहिलंय." राहिलं होतं. खालच्या खणात माझी इंजिनिअरिंगची जुनी पुस्तकं होती. ती काढली. मग त्यांनी कपाटाचा एक पाय उचलून खाली गोणपाट सारलं, वरच्या कोपऱ्याला एक बोट लावलं आणि कपाट स्वतःभोवती फिरून वर आलं. मी शपथेवर सांगतो, एक बोट. "वजन शत्रू न्हाई इंजिनिअर," ते म्हणाले, "त्याला कुठं जायचंय ते विचारायचं फक्त."

तेव्हापासून मी या माणसापुढे हात जोडून आहे. आमच्या इमारतीत त्यांना विचारल्याशिवाय कुणी जड वस्तू घेत नाही. चौथ्या मजल्यावरच्यांनी एकदा न विचारता दोन दारांचा फ्रीज आणला. तो चार दिवस पार्किंगमध्ये राहिला. काका रोज दूध आणायला जाताना त्याच्यापाशी थांबायचे आणि फ्रीजलाच विचारायचे, "बरं चाललंय ना?" बारशाला गेले की बाळ दोन्ही हातांवर घेतात आणि म्हणतात, "तीन तीनशे." आई म्हणते, "नाही काका, दवाखान्यात तीन दोनशे भरला." काका म्हणतात, "दुपटं काढून बघ." काकू सांगतात, "मला बघायला आले, मी पोह्याची बशी पुढं केली, तर म्हणाले, 'चाळीस.' माझ्या बापाला वाटलं, पोह्यांची किंमत सांगतायत."

तर हे ओव्हाळकाका मार्चमधल्या एका रविवारी सकाळी माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "इंजिनिअर, वाइनचा फ्रीज किती किलोचा असतो?"

माझ्या हातातला चहा बशीत आला. कारण काका दारूला शिवत नाहीत, हे सांगून काहीच सांगितल्यासारखं होत नाही. त्यांच्या घरात बाटली या आकाराची वस्तूच चालत नाही. फिनेल ते डब्यातून आणतात. सरबताची बाटली कुणी भेट दिली तर काकू ती जिन्यातच बरणीत ओततात आणि मग आत जातात. पंचशीलातलं पाचवं शील पाळणारी पुष्कळ घरं मी पाहिली आहेत, पण काकांची गोष्ट वेगळी आहे. ती त्यांनी मला एकदाच सांगितली होती. त्यांचे वडील कंपनीत कामगार होते. सुटी झाली की कुठल्या तरी गुत्त्याबाहेर पडलेले असायचे आणि नववीतल्या दशरथला, म्हणजे काकांना, निरोप यायचा. "बापाला खांद्यावर घेऊन यायचो," काका म्हणाले होते. "माझं पहिलं रिगिंग तेच. पिलेला माणूस आहे त्यापेक्षा दहा किलो जड लागतो, इंजिनिअर. मला वजन तिथं कळायला लागलं." त्या वर्षी वडील गेले. हे ऐकल्यापासून त्यांच्या विद्येचं मला जे कौतुक वाटायचं, त्यात थोडी भीतीही मिसळली.

"वाइनचा फ्रीज? कशाला काका?"

"लागतोय एक," एवढंच म्हणाले.

कारण मला काकूंकडून कळलं. त्याच दिवशी, जिन्यात, मेथीची जुडी हातात घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची एकुलती मुलगी सुजाता मायक्रोबायॉलॉजी शिकली आणि नाशिककडे एका वाइन करणाऱ्या कंपनीत लागली. त्याला सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी ती छान खोक्यात घालून एक बाटली घेऊन आली. काका दारात उभे होते. "बाटली आत येणार न्हाई," ते म्हणाले. सुजाता बापासारखीच. ती "बरं" म्हणाली, खोकं चपलांच्या रॅकवर ठेवलं, आत येऊन जेवली आणि जाताना खोकं घेऊन गेली. आवाज नाही, रडणं नाही. तेव्हापासून ती कंपनीच्या कामाने दर दोन-तीन महिन्यांनी पुण्यात येते, हॉटेलात उतरते, दोन तास घरी येते आणि जाते. सहा वर्षांत एकदाही मुक्कामाला राहिलेली नाही.

"मी दर वेळी म्हणते, राहा गं," काकू सांगत होत्या. "तर म्हणते, आई, माझ्याबरोबर बाटल्या असतात. त्यांना बारा डिग्री लागते, हललेलं चालत न्हाई, उजेड चालत न्हाई. आपल्याकडं जागा कुठंय? आता हे निमित्त हाय. मला कळतं. तुमाला ऐकताना कळलं ना? मागच्या महिन्यात फोन स्पीकरवर होता, ह्यांनी पहिल्यांदा ऐकलं. फोन ठेवल्यावर मला म्हणतात, 'बारा डिग्री? एवढंच हाय व्हय?'"

काकूंना हसू येत होतं आणि त्यांचे डोळेही भरले होते. आपण एखाद्याची सबब ऐकतो, ती सबब आहे हे आपल्याला लगेच कळतं आणि आपण रुसून बसतो. काकांनी मुलीच्या सबबीचं माप घ्यायला काढलं होतं. ती मे महिन्यातल्या एका शनिवारी स्वतःच्या हाताखाली झालेल्या पहिल्या वाइनची पेटी घेऊन पुण्यात येणार होती. पेटीत बारा बाटल्या. त्या दिवशी घरात बारा डिग्रीची, न हलणारी, अंधारी जागा तयार असली, की पोरीला दुसरीकडे जायचं कारण उरत नाही. असा सरळ हिशेब.

मी लॅपटॉपवर त्यांना आठ बाटल्यांचा, अठराचा, चोवीसचा, सेहेचाळीसचा असे फ्रीज दाखवले. काकांनी स्क्रीनकडे बघितलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. "तुमच्या ह्या डब्यात सगळ्याच वस्तू बिनवजनाच्या. आधी जागा बघू."

जागा बघायला आठ दिवस लागले. काकांनी घरातल्या प्रत्येक कोपऱ्यात काठोकाठ पाणी भरलेली एकेक स्टीलची ताटली ठेवली आणि प्रत्येकीशेजारी स्टूल घेऊन बसले. कासारवाडीकडून मालगाडी गेली की कुठलं पाणी थरथरतं, खालून टँकर गेला की कुठलं, माझ्या घरात मिक्सर लागला की कुठलं, हे सगळं त्यांनी वहीत उतरवलं. आमच्या मिक्सरमुळे त्यांच्या स्वयंपाकघराचा ओटा बाद झाला, याबद्दल माझ्या बायकोने त्यांची माफी मागितली. फरशा त्यांनी बोटाच्या पेराने वाजवून पाहिल्या. बाल्कनीलगतच्या तीन फरशा पोकळ निघाल्या. हॉलमध्ये बुद्धांच्या तसबिरीखालचा कोपरा घरातला सगळ्यात थंड होता. तिथं ठेवायचा नाही, हे त्यांनी माप न घेताच ठरवलं. शेवटी सगळ्यात निवांत जागा निघाली ती आतल्या खोलीत, त्यांच्या स्वतःच्या उशाशी. तिथलं पाणी मालगाडीलाही दाद देत नव्हतं. काकांनी पलंग खोलला आणि हॉलमध्ये नेऊन जोडला. गेली वीस वर्षं ते ज्या जागी झोपत होते, ती जागा आता बाटल्यांची झाली.

मग प्रश्न आला बाटलीचा. फ्रीजमध्ये बाटली नीट बसते की नाही, हे बाटलीशिवाय कसं बघणार?

"सुजाताला फोन करून विचारा ना, केवढी असते," मी म्हणालो.

काका जरा वेळ नखाने टेबलाची कड खरवडत राहिले. "फोन तिच्या आईकडं असतो," म्हणाले.

मी विषय तिथेच सोडला. बोलायला हवं होतं.

वाइनच्या दुकानात जाणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही भंगारवाल्याकडे गेलो. "भंगारात गेली की ती बाटली राहत न्हाई, काच होते," असं काकांनी मला समजावलं, म्हणजे खरं तर स्वतःला. शे-दोनशे बाटल्यांमध्ये वाइनची अशी एकच निघाली. सडसडीत, हिरवी, खांद्याची. काकांनी व्हर्निअर लावला. व्यास पंचाहत्तर मिलिमीटर, लांबी तीनशे. मग ती नळावर भरून घेतली, हातात झुलवली आणि म्हणाले, "एक तीनशे." भंगारवाल्याने आपल्या काट्यावर ठेवली. एक किलो दोनशे नव्वद. भंगारवाला काकांकडे बघत राहिला आणि मग आपल्या काट्याकडे संशयाने बघायला लागला.

ती बाटली त्यांनी तिथेच परत ठेवली. घरात येणार नाही म्हणजे नाही. मला ड्रॉइंग काढायला लावलं आणि भोसरीतल्या एका ओळखीच्या खरादवाल्याकडून लेथवर तशीच्या तशी शिसवी लाकडाची बाटली करून आणली. आत भोक पाडून त्यात लोखंडी छर्रे भरले, वजन बरोबर एक किलो तीनशे केलं आणि वर लाकडाचंच बूच ठोकलं. मी आयुष्यात माप तपासायची पुष्कळ गेज पाहिली, इतकं देखणं गेज पाहिलं नाही. काकू तिला लाटणं म्हणायच्या.

हे लाटणं कापडी पिशवीत घालून आम्ही चिंचवडच्या एका मोठ्या दुकानात गेलो. टाय लावलेला विक्रेता धावत आला.

"सर, तुम्ही रेड घेता की व्हाइट?"

"मी ताक घेतो," काका म्हणाले.

त्याने आधी कॉम्प्रेसर नसलेला छोटा फ्रीज दाखवला. हलका, आवाज नाही, थरथर नाही. काकांनी विचारलं, "बाहेर चाळीस असताना आत किती?" तो म्हणाला, "सर, बाहेरच्यापेक्षा साधारण वीस कमी." काका म्हणाले, "म्हणजे वीस. आम्हाला बारा पाहिजेत." छोटा बाद. मग कॉम्प्रेसरवाले चालू करायला लावले आणि प्रत्येकाच्या कुशीवर तळवा ठेवून, डोळे मिटून उभे राहिले. दवाखान्यात डॉक्टर पाठीवर हात ठेवून 'श्वास घ्या' म्हणतात, तसे. पहिला फ्रीज 'घाबरट' निघाला. दुसरा 'चालताना लंगडतो'. चोवीस बाटल्यांचा चांगला होता, पण तो भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवल्यावर खोलीचं दार पूर्ण उघडत नव्हतं. काकांनी ते घरून मापून आणलं होतं. सेहेचाळीसचा त्यांनी नुसता बघितला आणि सोडून दिला. "सुमनला केर काढायला सरकवता आला पाहिजे. वस्तू फार हलकी असली तर थरथरते न् फार जड असली तर मालकीण होऊन बसते."

अठरा बाटल्यांच्या फ्रीजवर त्यांचा हात बराच वेळ राहिला. मग त्यांनी दोन बोटांनी त्याचा कोपरा किंचित उचलला. "कागदावर किती लिहिलंय?"

"सत्तावीस किलो, सर."

"एकोणतीस हाय."

विक्रेता अदबीने हसला. काका हसले नाहीत. शेवटी तो फ्रीज मागच्या गोदामात नेऊन मालाच्या काट्यावर चढवला गेला आणि तोवर दुकानातली आठ-दहा माणसं आमच्या मागोमाग आली होती. काट्यावर एकोणतीस किलो शंभर ग्रॅम उमटलं. "आतल्या फळ्या धरलेल्या दिसत नाहीत," विक्रेता पुटपुटला. गर्दीतल्या एका बाईंनी विचारलं, "भाऊ, माझ्या घरी वॉशिंग मशीन घ्यायचंय, येता का?" काकांनी पिशवीतून लाकडी बाटली काढली आणि अठराही जागांवर एकेकदा ठेवून पाहिली. कुठे घासली नाही, कुठे खडखडली नाही.

"बारा तिच्या, बाकी हवा खेळायला," ते म्हणाले. "भरल्यावर पंचेचाळीसच्या आत. म्हणजे लग्नानंतर पहिल्या दिवाळीतली सुमन."

फ्रीज आला तेव्हा सगळी इमारत जिन्यात होती. लिफ्टवर काकांचा विश्वास नाही. दोघं उचलणारे, आणि काका उलटे पायऱ्या चढत, हात हलवत, "हाबेस... बास... आरिया, आरिया." आत जाऊन जागेवर टेकला, पाणसळ लावली, मागच्या डाव्या पायाखाली पत्र्याची एक पट्टी सारली आणि बुडबुडा मधोमध आला. पण काकांनी तो लगेच चालू करू दिला नाही. "प्रवासातून आलाय. एक दिवस बसू दे. त्याचं तेल खाली उतरू दे." दुसऱ्या दिवशी चालू केला आणि आत थर्मामीटर ठेवला. मी संध्याकाळी गेलो तर काका समोर स्टुलावर बसलेले. बारा. त्याच्या पुढच्या दिवशीही बारा. बाहेर ऊन पेटलं होतं आणि त्या रिकाम्या फ्रीजमध्ये एकटी लाकडी बाटली गारठत पडली होती.

शनिवार आला. मला काकांनी दुपारीच वर बोलावलं. "इंजिनिअर पाहिजे," म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काकू स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत होत्या.

सुजाता आली. तिशीतली, उन्हाने रापलेली, हातांना कामाची सवय असलेली मुलगी. मला बघून थबकली. "टॅक्सी खाली थांबलीये, आई. पेटी हॉटेलवर टाकून यायचं होतं, पण म्हटलं आधी..."

"पेटी वर आण," काका म्हणाले.

"पप्पा, बाटल्या आहेत त्यात."

"म्हाईत हाय. आण."

ती खाली गेली आणि पेटी स्वतः घेऊन आली. उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. बापाकडे बघत होती, आणि तो परवानगी देतोय की परीक्षा घेतोय, हे तिला कळत नव्हतं. काकांनी पुढे होऊन तिच्या हातांखाली हात घातले आणि दोघांनी मिळून ती पेटी आत घेतली. मी काकांचा चेहरा बघितला. पेटी उचलताच त्यांच्या कपाळावर एक आठी आली. ती का आली, ते मला मिनिटभराने कळलं.

आतल्या खोलीत त्यांनी तिला फ्रीज दाखवला. "बारा डिग्री. हलत न्हाई. मालगाडी गेली तरी न्हाई. काच काळी हाय, उजेड जात न्हाई. मी पिणार न्हाई, ते मरेस्तोवर न्हाई. पण तू केलेलं हाय ते, त्याला घरात जागा पाहिजे." एवढं लांब बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

सुजाताने हॉलमधल्या पलंगाकडे वळून बघितलं, मग फ्रीजकडे, मग आईकडे. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. मग ती खाली बसली, पेटी फोडली आणि पहिली बाटली बाहेर काढली.

बाटली पूर्ण बाहेर यायच्या आधीच काकांनी डोळे मिटले.

ती जाड होती. पोटाची, रुंद बुडाची, गळ्यापर्यंत सोनेरी कागद चढवलेली. सुजाताने ती फळीवर आडवी सरकवली. वरच्या फळीला बाटलीचं पोट लागलं आणि ती अर्ध्यात थांबली. तिने तिरकी करून बघितली, दुसऱ्या फळीवर बघितली. कुठेच जाईना.

"अठ्ठ्याऐंशी," काका डोळे मिटूनच म्हणाले. "मी पंचाहत्तर धरले. पेटी उचलली तेव्हाच जड लागली."

"ही फेसाची असते, पप्पा," सुजाता हळू म्हणाली. "आत दाब असतो. गाडीच्या टायरपेक्षा दुप्पट-तिप्पट. म्हणून काच जाड लागते, बाटली मोठी लागते. ह्या साध्या वाइनच्या फळ्या आहेत."

मला वाटलं, आता ती म्हणणार, राहू दे, हॉटेलवर नेते. तिला तिची सबब परत मिळाली होती, आणि ती आमच्याच हातांनी दिली होती. चाळीस टनांचा प्रेस दोन बोटांच्या फटीत बसवलेला माणूस तेरा मिलिमीटरने चुकला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

"फ्रीजचं न्हाई चुकलं," काका म्हणाले. "माझं चुकलं. सगळ्याचं माप घेतलं. भिंतीचं घेतलं, फरशीचं घेतलं. तू काय करतीस, ते सहा वर्षांत विचारलं न्हाई. कुणातरी दुसऱ्याच्याच बाटलीचं माप घेऊन आलो."

सुजाताने बाटली मांडीवर घेतली. बराच वेळ तिच्या गळ्यावरच्या कागदाची सुरकुती अंगठ्याने पुसत बसली. मग ती उठली आणि फ्रीजमधल्या एकाआड एक फळ्या ओढून बाहेर काढायला लागली. तिने लाकडी बाटली बाहेर घेतली, तिच्याकडे नवलाने बघितलं, पण विचारलं नाही. फळ्या निघाल्यावर तिच्या बाटल्या एकेक करून आत गेल्या. सात बसल्या. पाच उरल्या.

"ह्यांचं काय?" काकांनी विचारलं. "ह्यांना बारा डिग्री..."

"ह्या पलंगाखाली राहतील." ती बापाकडे न बघता बोलत होती. "एका रात्रीनं काही होत नाही त्यांना, पप्पा. कधीच झालं नसतं."

काकू झटकन खिडकीशी गेल्या आणि खाली टॅक्सीवाल्याला ओरडून सांगितलं, जा बाबा तू. त्यांचा आवाज चढला होता. काकांनी त्यांना आवरलं नाही. ते भिंतीला धरून सावकाश खाली बसले, मुलीच्या समोर, फरशीवर. मोकळ्या पेटीकडे बघितलं, काळ्या काचेकडे बघितलं. त्यांचा हात दोनदा पुढे येऊन मागे गेला.

"आत दाब हाय म्हणालीस," ते म्हणाले. "तो येतो कुठनं? तू भरतीस?"

"भरत नाही. आतच तयार होतो."

"कसा?"

सुजाताने पहिल्यांदा वर बघितलं. "सांगू? पण वेळ लागेल."

"लागू दे."

तिने पाय दुमडून बैठक मारली, केस मागे घेतले. "पहिलं म्हणजे, ह्याची द्राक्षं आम्ही जरा कच्ची असतानाच तोडतो..."

"थांब," काका म्हणाले आणि पुढे सरकले. "कच्ची म्हणजे किती कच्ची?"